रातमिठीची तीन वेटोळी

नोंग सुइमेईला वेल ओळखता येते असं कुणी म्हटलं, की खोऱ्यातली म्हातारी माणसं त्याला दुरुस्त करायची. तिला वेल ओळखता येत नाही, वेलच तिच्या बोटांना ओळखते, असं ती माणसं म्हणायची. सुइमेई हे ऐकून लाजत नसे. खरंच आहे, असा चेहरा करून ती पुढचं वेटोळं बांधायला घ्यायची.

चाळीस वर्षं तिने एकच वेल कापली. तिचं नाव रातमिठी. या वेलीच्या दोन फांद्या दिवसा दोन वाटांनी चढतात आणि रात्री एकमेकींना पीळ घालून निजतात, असं डोंगरातल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या पाहिलेलं. ज्या वेलीला इतकी गाढ झोप लागते, तिचा काढा माणसालाही झोप देतो. अंगाला कंड सुटली, पुरळ उठलं, तर त्याच वेलीच्या उकळल्या पाण्याने अंघोळ करायची. नवरा गेल्यापासून छताकडे बघत पडणाऱ्या बाया, उन्हाळ्यात अंग ओरबाडून घेणारी पोरं, या सगळ्यांच्या दारावर सुइमेईची वेटोळी टांगलेली असायची. तिची गाठ वेगळी होती. शेवटचा पेड आतून बाहेर काढून ती त्याला डावीकडे मुरड घालायची. ती गाठ दिसली की कोणी वेल तपासत नसे.

डोंगरावर दुसरीही एक वेल आहे. तिचं नाव वेल कापणारे तोंडाने घेत नाहीत. ‘ती’ म्हणतात. नाव घेतलं की ती वाट काढत येते, असं सुइमेईला तिच्या सासूने पहिल्याच दिवशी, कोयता हातात देण्याआधी सांगितलं होतं. रातमिठी जिथे चढते तिथेच ती चढते, तोच आधार घेते, कधी रातमिठीच्याच अंगावरून वर जाते. फरक पानांचा. रातमिठीचं पान एक इकडे, एक तिकडे, आणि प्रत्येक पेरावर कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा. त्या दुसरीची पानं जोडीने, समोरासमोर, आणि पेरं गुळगुळीत. मूठभर कोवळी पानं पोटात गेली, तर माणूस दुसरा दिवस बघत नाही. डुकराला मात्र तिने काही होत नाही. डुक्कर तिच्यावर पोसतं.

सुइमेईला हे सगळं माहीत होतं. जगात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, असं म्हटलं तरी चालेल.

आणि दोन हिवाळ्यांपासून तिच्या डोळ्यांत धुकं उतरलं होतं.

आधी ते डोंगराच्या टोकावर होतं, मग अंगणापर्यंत आलं, आणि या वर्षी भाताच्या वाडग्यापर्यंत पोचलं. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय? पापुद्रा अंगठ्याला लागत होता. अंगठा शाबूत आहे तोवर डोळे असले काय, नसले काय, असं ती स्वतःला सांगायची.

त्या साली तिची नेहमीची उतरण गेली. तिथे निलगिरीची लागवड झाली, खाली गवतसुद्धा उरलं नाही. पाचव्या महिन्याची पंचमी चार दिवसांवर आली होती. पंचमीला खालच्या गावात औषधांचा बाजार भरतो. त्या दिवशी डोंगरावरचं प्रत्येक पान औषध असतं, अशी या खोऱ्याची श्रद्धा. ज्याला विकत घ्यायचं नसतं तोसुद्धा बाजारातून एक चक्कर मारून वास छातीत भरून घेतो, म्हणजे वर्षभर दुखणं येत नाही. अशा बाजाराला सुइमेई नुसता उरलासुरला जुना माल घेऊन गेली असती, तर लोकांनी विचारलं असतं, का गं?

ती कावळकड्यावर गेली. सासूने तिथे कधी कापू दिलं नव्हतं. कड्यावर वेल अंगठ्याएवढी जाड होती, कित्येक वर्षं कोयता न लागलेली. पहिल्याच घावाला अंदाज चुकला आणि डाव्या हातातला कोयता उजव्या तळहातात शिरला. तिने हाताला फडकं गुंडाळलं, घट्ट, तीन पदर, आणि कापत राहिली.

चतुर्थीच्या संध्याकाळी अंगणात बसून तिने वेली मुठीतून ओढल्या. एका ओढीत सगळी पानं खाली. रातमिठी अशीच सोलतात. ओढताना प्रत्येक पेर तळहाताला सांगून जातं, मी आहे, मी आहे. त्या दिवशी तळहातावर फडकं होतं. पेरं काही बोलली नाहीत. कड्यावरच्या वेलीची तीन वेटोळी झाली. जुन्या मालापेक्षा ती दुपटीने जाड होती. पानांचा ढीग कुंपणाशी पडून राहिला.

सून फेंगताओ चुलीपाशी भाताच्या पुड्या बांबूच्या पानात बांधत होती. ती म्हणाली, “आई, हाताचं आधी बघा. उद्याच्या दिवस बाजार राहू दे.”

“तुझा सासरा गेला त्या वर्षीसुद्धा मी पंचमी चुकवली नाही.”

“तेव्हा हात दोन होते.”

“आत्ता किती दिसतायत तुला?”

फेंगताओने मान खाली घातली आणि पुडी बांधली. तिला काहीतरी म्हणायचं होतं. 

पंचमीला उजाडता उजाडता सुइमेई बाजारात तिच्या ठरलेल्या जागी, पुलाच्या कठड्याशी, बसली होती. माणसांची रांग वास घेत घेत समोरून सरकत होती. जुना माल दोन तासांत संपला. जाड वेटोळी तिने पाठीमागे, आपल्या माणसांसाठी ठेवली होती. दोन शिउजूने नेली. शिउजू म्हणजे पुलापलीकडची टोफूवाली, सुइमेईची चाळीस वर्षांची मैत्रीण, झोप नाही आणि अंगभर कंड, म्हणून एक काढ्याला आणि एक अंघोळीला. तिसरं उशिरा आलेल्या एका अनोळखी बाईने नेलं. तिच्या डोक्याला निळं फडकं होतं. सुइमेईला तेवढा निळा डाग दिसला, बाकी खिंडीपलीकडच्या बोलीचा आवाज.

“मावशी, सासूला आमच्या झोप म्हणून नाही. वर्ष झालं. ही देईल का झोप?”

“अशी देईल की तुला हलवून उठवावी लागेल,” सुइमेई म्हणाली. आणि हसली.

हे वाक्य तिला पुढे जन्मभर पुरलं.

ऊन चढायच्या आत ती घरी आली. त्या दिवशी घेतलेली औषधं बाजारातून नेली की लगेच उकळत नाहीत. दारावर दवण्याच्या जुडीशेजारी टांगतात, आणि माध्यान्हीला, सूर्य बरोबर डोक्यावर असताना, साऱ्या खोऱ्यातल्या चुली एकदम पेटतात. त्या घटकेला औषधाची शक्ती सगळ्यात जास्त. त्यामुळे घराघरात वेली टांगलेल्या होत्या, आणि सुइमेई अंगणात पाय पसरून बसली होती.

कुंपणातून डुक्कर आत आलं होतं आणि पानांच्या ढिगात खात होतं.

तिने आधी लक्ष दिलं नाही. मग ऐकू आलं. डुक्कर सरसकट खात नव्हतं. नाकाने पानं बाजूला लोटत होतं, फुरफुरत, थांबत, आणि मग एकदम मचमच. पुन्हा लोटणं, पुन्हा मचमच. निवडून खात होतं. रातमिठीच्या पानांना या डुकराने आजवर तोंड लावलं नव्हतं.

सुइमेई उठली. तिने डावा हात सरळ डुकराच्या जबड्यात घातला. डुक्कर किंचाळलं. तिने ओढून काढलेल्या डहाळीवरून अंगठा फिरवला, थुंकीने ओल्या, चावलेल्या डहाळीवरून. एक पान. त्याच्या बरोबर समोर दुसरं पान. पेर गुळगुळीत.

कुंपणापलीकडे कोणी नव्हतं. रस्ता रिकामा. डहाळी डुकराला परत दिली असती, तर डुकराने ती खाल्ली असती आणि मग ती कुठेच नसती. हा विचार तिच्या मनात आला. आला नाही असं सांगणं खोटं होईल. कदाचित ही एकच डहाळी असेल. आज तर प्रत्येक पान औषध असतं. उद्या कुणी मेलं तर म्हातारं माणूस मेलं म्हणतील. तिची गाठ बघून कोण वेलीवर शंका घेणार?

त्या गाठीपाशी तिचा विचार थांबला.

“फेंगताओ! गाडी काढ.”

सून ओले हात पुसत बाहेर आली. “आता कुठं? भात लावलाय.”

“उतरव. हे बघ.” तिने डहाळी पुढे केली. “काय दिसतं?”

फेंगताओने पाहिलं, आणि ती एक पाऊल मागे सरकली.

“मला दिसत नाही,” सुइमेई म्हणाली. “दोन वर्षं झाली. मला पानं दिसत नाहीत.”

“मला माहीत आहे,” फेंगताओ हळूच म्हणाली. “हिवाळ्यापासून तुम्ही भाजीत दोनदा मीठ घालता. मी पाणी घालून घेते.”

“आणि बोलली नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही मला घरात ठेवलं असतं?”

सुइमेई मागे बसली. विजेवरची दुचाकी उतार उतरू लागली. तिने सुनेची कंबर धरली. बऱ्याच वर्षांनी धरली असावी. सावली चाकाखाली आखडत चालली होती.

शिउजू टोफूचे तुकडे पाडत होती. दारावर दोन्ही वेटोळी टांगलेली.

“काय गं, लग्न मोडायला आल्यासारखी काय धावत आलीस?” तिने सुरी खाली न ठेवता विचारलं.

“वेल काढ खाली.”

“देऊन परत घेतेस? पंचमीला? लाज आहे का?”

“शिउजू, काढ खाली.”

आवाजात काय होतं कोण जाणे, शिउजूने सुरी ठेवली. सुइमेई उंबऱ्यावर बसली. रातमिठीचं खोड आतून भरीव असतं, मधोमध मऊ पांढरा गर. त्या दुसरीच्या जाड खोडाला मधे पोकळी असते. सुइमेईने अंबाड्यातली सुई काढली. वेल वीतभर मोडायची, मधोमध सुई टोचायची. सुई गरात रुतली की पुढची वीत. फेंगताओ शेजारी बसून डोळ्यांनी बघत होती आणि प्रत्येक वेळी म्हणत होती, “पांढरं.” पांढरं. पांढरं. पहिलं वेटोळं संपलं. दुसरं संपलं. दारात चुऱ्याचा ढीग झाला.

“बघ, काही नाही,” शिउजू म्हणाली. तिला घाम फुटला होता. “उगाच जीव घेतलास. जा घरी, भात खा. मी कुणाला बोलायची नाही.”

फेंगताओही हळूच म्हणाली, “आई, चला ना.”

सुइमेई सुई हातात धरून बसली. पानं अंगणात सोलली होती. म्हणजे पान घरी आलं, तर खोडही घरी आलं. घरून तीन वेटोळी निघाली. दोन इथे मोडून पडली आहेत. यात मोजायचं काही उरलं नव्हतं.

“निळ्या फडक्याची बाई,” ती म्हणाली. “खिंडीपलीकडची. तिची सासू.”

बाजाराच्या कचेरीत एक कारकून कर्ण्यावरून सांगत असतो, कुणाची शेळी सापडली, कुणाची पिशवी राहिली. त्याने सुइमेईचं ऐकून घेतलं आणि तोंड कर्ण्याजवळ नेलं. “पुलाजवळ घेतलेल्या औषधात किरकोळ चूक झाली आहे, संबंधितांनी परत आणावं.” दोनदा सांगितलं. बाजाराने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कुणीतरी ओरडलं, “अरे, माझी बायको हरवलीय, सापडली तर ठेवून घे!” लोक हसले.

“नाव घेऊन सांग,” सुइमेई म्हणाली.

कारकुनाने कानांना हात लावले. “आज? आज्जी, आजच्या दिवशी ते नाव मी घेत नाही. माझ्या घरी लेकरं आहेत.”

सुइमेईने त्याच्या हातातून कर्णा घेतला. तिच्या सासूने कोयत्याआधी दिलेली ताकीद, तिच्या आधी तिच्या सासूला मिळालेली, चाळीस वर्षं जिभेखाली ठेवलेली. तिने तोंड उघडलं.

“मी नोंग सुइमेई. मला डोळ्यांनी दिसत नाही. मी आज विकलेल्या वेलीत आतडेतोडी आहे. निळं फडकं बांधलेल्या बाई, सासूला देऊ नका. आतडेतोडी आहे. आतडेतोडी.”

बाजार थांबला. पुलावरची रांग थांबली. कुणीतरी हातातली जुडी खाली टाकली, मग शेजारच्याने टाकली, मग टाकण्याचा आवाज पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. ज्यांनी तिच्याकडून काहीच घेतलं नव्हतं, त्यांनीही टाकलं.

मुळ्या विकणारा तान म्हातारा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिच्या नवऱ्याचा जुना सोबती. “वहिनी,” तो म्हणाला, “माल परत मागायचा होता तर मागायचा. तिला का हाक मारलीत? आता ती येणार. पहिल्यांदा तुमच्या दारात येणार.”

“येऊ दे,” सुइमेई म्हणाली. “आधी तिकडे गेलीय.”

मग फोन सुरू झाले. जिथे तिथे माणसं फोन कानाला लावून तेच एक नाव बोलत होती, घाबरून, कुजबुजून, ओरडून. खिंडीपलीकडे कुणाची बहीण, कुणाचा मेहुणा, कुणाचं दुकान. निळ्या फडक्याची कोण? सासू न झोपणारी कोण? सावल्या पायाखाली गेल्या. माध्यान्ह झाली. वर्षातून एकदा या घटकेला खोऱ्यातल्या प्रत्येक छपरातून धूर निघतो. फेंगताओ वर बघत राहिली आणि सासूला सांगत राहिली, “नाही. एकाही घरातून नाही.” सगळं आकाश मोकळं होतं. खिंडीपलीकडे मात्र इथून दिसत नाही.

त्यानंतर पाच दिवस कुणी आलं नाही. घरासमोरून जाणारी माणसं रस्त्याची पलीकडची कड धरून जात. शिउजूने टोफू पाठवला, स्वतः आली नाही. सुइमेईने कोयता धुऊन, तेल लावून, फडक्यात गुंडाळून सुनेच्या हातात दिला. रातमिठी ओढून ओढून दोरीसारखी झालेली बोटं मांडीवर ठेवून ती अंगणात बसायची. डुक्कर रोज कुंपणाशी येऊन फुरफुरायचं, अजून आहे का म्हणून.

सहाव्या दिवशी दुपारी दारात पावलं थांबली. तिला निळा डाग दिसला.

बाईने बसायला नकार दिला. तिने वेटोळं जमिनीवर ठेवलं. सुइमेईने चाचपलं. तिची गाठ जशीच्या तशी होती, पण एका बाजूने तीन वीत वेल कापलेली. तिने कापल्या टोकाशी नख नेलं. नख पोकळीत गेलं.

“कापलेलं?”

“उकळलं,” बाई म्हणाली. “सासूला धीर नव्हता. माध्यान्ह कशाला, आत्ताच दे म्हणाली. तुम्ही सांगितलं होतं ना, हलवून उठवावी लागेल. दोन घोट घेतले, तेवढ्यात दुकानदार धावत आला. मी वाडगा हातातून पाडला.”

“आणि मग?”

“तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तीन दिवस यंत्राने श्वास दिला. आता स्वतःचा घेते.” बाई जरा थांबली. “शुद्धीवर होती ती, मावशी. सगळं ऐकत होती. आम्ही रडत होतो तेही. फक्त छाती हलेना. आता डोळे मिटायला तयार नाही. मिटले की थांबेल म्हणते. आधी झोप येत नव्हती, आता आली तरी घेत नाही. असं माणूस किती दिवस जगणार?”

सुइमेईने वेटोळं बाजूला सारलं.

“तिने विचारायला सांगितलंय, हात कुणाचा होता ते.”

“माझा,” सुइमेई म्हणाली. “मला तिकडे घेऊन चल.”

बाईची सासू, वेइ आजी, अंगणात बांबूच्या बाजेवर उशीला टेकून बसली होती. घरातली माणसं आत गेली. दाराआडून मात्र कुणी हललं नाही.

“तूच का ती?” आवाज भाताच्या भुशासारखा कोरडा.

“मीच.”

“तिचं नाव घेतलंस म्हणे. भर बाजारात. पंचमीला.”

“घेतलं.”

“बावळट आहेस. आता तुझ्या मागे लागेल.”

“लागलीच आहे.”

म्हातारी बाजेवर पुढे सरकली.  मग ती म्हणाली, “मी डोळे मिटले आणि छाती थांबली तर?”

“मी हलवीन.”

“तुला दिसत नाही म्हणे.”

“हाताला कळतं.”

“हातानेच तर हे केलेलं आहे सगळं,” म्हातारी म्हणाली, आणि तिच्या घशातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. “आण इकडे.”

सुइमेईने फडकं सोडलं. तळहातावरची जखम भरत आली होती, मधे कोवळी कातडी. तिने तो तळहात म्हातारीच्या छातीवर ठेवला. फासळ्या मोजता येत होत्या. म्हातारीने डोळे मिटले, घाबरून उघडले, पुन्हा मिटले. पुष्कळ वेळाने तिची मान कलली.

आता दर बाजारच्या दिवशी फेंगताओ सासूला खिंडीपलीकडे सोडते आणि उन्हं उतरताना आणायला जाते. वेइ आजी तेवढाच वेळ झोपते, आणि तेवढ्यावर जगते. तिच्या घरातल्या दुसऱ्या कुणाचा हात तिला चालत नाही. गावातले लोक म्हणतात, दोघींभोवती त्या वेलीनेच पीळ घातलाय, एक सुटली की दुसरीही सुटेल.

त्या झोपेत एक खोट आहे. म्हातारीचा श्वास मधेच थांबतो. दवाखान्यापासूनचं आहे ते. छाती खाली जाते आणि तिथेच राहते. तळहाताखाली काहीच हलत नाही. सुइमेई मोजते. एक. दोन. तीन. चारला श्वास येतो, आजवर नेहमी चारला आला आहे. तरी दर वेळी तीन झाले, की तिची बोटं म्हातारीच्या खांद्यावर जातात आणि आवळून तयार राहतात.